कोकराचा सिनेमा

३० मे

नऊ सिनेमे बघून झाले, एकही धड नाही! एकात लांडगा, एकात वीज कडाडते, एकात आई पहिल्या पाच मिनिटांतच मरते. बालवाडीतली पोरं चार-पाच वर्षांची. बकरी ईदच्या सुट्टीआधी त्यांना काहीतरी हळुवार दाखवायचं, एवढंच काम. मुख्याध्यापिका मादाम दलिला म्हणाल्या, "तुझ्याइतकं बारीक बघणारं कुणी नाही." मी फुगलेच.

१ जून

सापडला. एक मुलगी आणि तिचं कोकरू. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. कोकराला विकायला काढतात, मुलगी फाटक उघडते, कोकरू डोंगरावर पळतं. शेवट गोड.

मदतनीस हयातला म्हटलं, उद्या हाच लाव. तर म्हणते, "हा? आत्ता, बाई?" मी म्हटलं, "शेवटपर्यंत बघितलाय मी. तू फक्त लाव."

२ जून

पोरं इतकी शांत कधी बसली नव्हती. नंतर नौफलनं माझी बाही ओढली. "बाई, फाटक उघडलं की मेंढा वाचतो?" मी चटया गुंडाळत होते. म्हटलं, "हो रे राजा, वाचतो."

४ जून

काल दुपारी नौफलनं घरचं फाटक उघडलं. मेंढा थेट हमरस्त्यावर — ट्रकखाली.

आठवडाभर घरोघरी कुर्बानीचे मेंढे बांधलेत, सगळं कैरवान शहर बें-बें करतंय. आणि बारीक बघणाऱ्या मला हे सुचू नये!

सकाळी नौफलचे वडील लुत्फी आले. "ईद दोन दिवसांवर. आता कापू काय? असले सिनेमे निवडतं कोण इथं?" मादामनी हयातकडे बघितलं, कारण संगणक तिच्याकडे असतो. निवडायचं काम मला दिलेलं, ते बहुतेक विसरल्या असाव्यात. हयात माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या चपलांकडे.

एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही. लाज वाटते लिहायलासुद्धा.

५ जून

मादामनी हयातला सुट्टीनंतर येऊ नकोस म्हणून सांगितलं. मला फोनवर कळलं. मी काय म्हणाले? "अरेरे."

६ जून

ईद. भावानं निखाऱ्यावर कलेजी भाजली. मी ताट बाजूला सरकवलं. आई म्हणाली, "सणासुदीला हे असलं तोंड?" पोट बिघडलंय म्हटलं. हल्ली खोटं पटकन येतं मला.

लुत्फींकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाटे पाठवले असतीलच. पण त्या पोराला कुणी जवळ घेतलं असेल का?

८ जून

हयातच्या गल्लीपर्यंत गेले. परत आले.

१० जून

बालवाडी उघडली. नौफल दारातच थांबला होता. मला खाली वाकवलं आणि कानाशी लागला. "बाबांनी खूप विचारलं, फाटक उघडायला कुणी सांगितलं. मारलं पण. मी तुमचं नाव नाही घेतलं."

मादामच्या खोलीत गेले आणि ते नाव मीच घेतलं.