कमानीखाली उभी

अण्णा,

समुद्रात कमळं नसतात. तुम्ही होता तेव्हा हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, कारण आपल्या घरात समुद्र कुणी पाहिलाच नव्हता. आता मी पाहून आले. अंदमानातल्या एका लहान बेटावर, लाटांनी खडक कोरून आपोआप झालेली एक कमान आहे. तिच्याखाली उभी राहून चारी बाजूंना नीट बघून आले. शेवाळ होतं, मेलेलं पोवळं होतं, बोटभर खेकडे इकडून तिकडे पळत होते. कमळ एकही नव्हतं.

आपल्या फोटो स्टुडिओतला तो पडदा तुम्ही विसरणं शक्य नाही. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरकडून तुम्ही तो हौसेनं करून घेतला होता. निळा समुद्र, समुद्रात शिरलेला काळा डोंगर, आणि त्या डोंगराला आरपार पडलेली भलीमोठी कमान. पेंटर आपल्यासारखाच बेंगळूरचा. पाणी म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर तळं यायचं, म्हणून त्यानं कमानीच्या पायथ्याशी गुलाबी कमळं काढली. आणि कमान म्हटलं की जुन्या किल्ल्याचा दरवाजा, म्हणून तिच्या डोक्यावर मधोमध पाचरीसारखा घडवलेला दगडही बसवला. शाळेत भूगोल शिकून आल्यावर मी तुम्हाला म्हटलं होतं, "अण्णा, खाऱ्या पाण्यात कमळ येत नाही." तुम्ही भिंग पुसत होता. मान वर न करता म्हणालात, "गिऱ्हाइकाला चालतंय, तुला काय होतंय?" चामराजपेटेतली निम्मी लग्नं त्या कमळांच्या साक्षीनं ठरली, हे मी नाकारत नाही. पण मला काय होतंय हा प्रश्न तुम्ही उत्तर ऐकण्यासाठी विचारला नव्हता.

त्या पडद्यापुढे प्लास्टरचा एक खडक असायचा. आतून पोकळ, वरून राखाडी रंग. नवरानवरी त्याच्या शेजारी उभी राहायची, पोरं त्याच्यावर चढून उड्या मारायची आणि तुमच्या शिव्या खायची. मी मात्र दर वेळी त्याच्यावर बसायची. पोलिओनं बारीक आणि आखूड राहिलेला डावा पाय परकराच्या घेरात गुंडाळून, उजवा जरासा पुढे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण कॅमेऱ्याची पूजा करायचो, त्याच्या पायांना केळीचे खुंट बांधायचो, आणि पूजा झाली की वर्षातला पहिला फोटो माझा, हा तुमचा नेम. पहिला मान माझा आहे म्हणून मी तरंगत असायची. घरात तुम्ही आमच्याशी मराठीत बोलायचा, पण काळ्या कापडात डोकं घातलं की गिऱ्हाइकांच्या सवयीनं तुमची जीभ कानडीकडे वळायची. "कूत्को," तुम्ही म्हणायचा. बस. मग, "हनुवटी स्वल्प खाली." मग श्वास रोखायचा. माझे सगळे फोटो ओळीनं मांडले तर बघणाऱ्याला वाटावं, ही मुलगी जन्माला आली तीच मुळी खडकावर बसून.

आणि मग तो स्थळांकडे पाठवायचा फोटो. मला आईची मोरपंखी साडी नेसवली होती, केसांत हातभर मल्लिगेचा गजरा माळला होता. त्या दिवशी मी मुद्दाम खडकाच्या शेजारी उभी राहिले. तुम्ही कापडाच्या आतूनच म्हणालात, "कूत्को." मी म्हटलं, "आज उभीच राहते, अण्णा." तुम्ही कापडातून डोकं बाहेर काढलंत. केस विसकटलेले होते, चष्मा कपाळावर. "हा फोटो पाठवायचाय. काय दिसायला पाहिजे आणि काय नको, ते मला कळतं. कूत्को." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी बसले. फोटो फार सुंदर आला, हे मी आजही मान्य करते. तुमच्या हातात जादू होती आणि तीच माझ्या मुळावर आली.

दावणगेऱ्याहून माणसं आली. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे उप्पीट आणि केसरीभात झाला होता. मी ताटल्या घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आले, म्हणजे चालत आले, जशी मी चालते तशी. मुलाच्या आईनं हातातली ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "फोटोत हे कळलं नव्हतं बघा." वाईट बाई नव्हती ती. तिला खरंच कळलं नव्हतं. आणि तुम्ही काय केलंत अण्णा? तुम्ही त्यांना केसरीभाताचा आग्रह करत राहिलात. "आणखी स्वल्प घ्या, स्वल्प घ्या." ती माणसं निघून पायऱ्या उतरत होती तरी तुमच्या हातात डाव होता. मला त्यांचा राग तेव्हाही आला नाही आणि आजही येत नाही. त्यांना जे दाखवलं होतं ते बघायला ती आली होती. समुद्रातलं कमळ गिऱ्हाइकाला चालतं, पण मी कमळ नव्हते.

त्यानंतरच्या दसऱ्याला पूजा झाली आणि तुम्ही हाक मारलीत. मी आतून, दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही रिकाम्या खडकाकडे बघितलंत आणि भिंगावर झाकण घातलंत. मी आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि तुम्ही गेलात तोवर कधीच नाही. याबद्दल मला वाईट वाटत असेल अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. मी शिकले, नोकरी केली, लिफ्ट नसलेल्या ऑफिसचे जिने आयुष्यभर चढले, एचएसआर लेआउटमध्ये स्वतःचं घर घेतलं. ओळखपत्रांपुरते फोटो काढले, त्यात पाय मागत नाहीत. लग्न झालं नाही, आणि हे मी दातओठ खात लिहीत नाही. पण उभा फोटो एकही नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत मी कशी दिसते, हे दाखवणारा एक कागद माझ्यामागे राहणार नव्हता, आणि साठी उलटल्यावर ते मला फार सलायला लागलं. पडदा आईनं केव्हाच गच्चीवर हप्पळ, म्हणजे पापड, वाळवायला अंथरला होता. उन्हापावसात समुद्र उडाला, कमळं उडाली, शेवटी ती कमान तेवढी उरली होती. म्हणून मी ठरवलं, फोटो काढायचा तर कमानीखालीच, आणि ती कमान खरी पाहिजे.

माझ्याबरोबर कोण आलं सांगू? तुमची नात. धाकट्याची मुलगी, तुम्ही गेल्यावर जन्मलेली. कोरमंगलेत राहते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते आणि मला अत्ते म्हणते. कमान तिनंच मोबाइलवर शोधून काढली. "अत्ते, तिथे फक्त लो टाइडला जाता येतं. लो टाइडला आपल्यात काय म्हणतात?" मी म्हटलं, "आपल्यात काही म्हणत नाहीत. आपल्यात समुद्रच नाही." शेवटी शेजारची पुण्याची बाई म्हणाली, "अहो, ओहोटी!" आणि माझ्याकडे असं बघितलं की हिला मराठी येतं की नाही. इतक्या पिढ्या मराठी बोलतोय अण्णा, पण पाणी मागे हटतं त्याला शब्द आहे हे मला या वयात कळलं. विमानात मी तो शब्द मनाशी घोकत होते.

रस्त्यावर रिक्षा थांबली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "पानी अभी उतरा है, मॅडम. जाना है तो अभी जाओ, फिर चढ़ जाएगा." झाडीतून खाली उतरलो आणि समोर नुसते खडक. ओबडधोबड, धारदार, हिरव्या शेवाळानं बुळबुळीत, मधे मधे पाण्याची डबकी. आणि पलीकडे, किनाऱ्याच्या अगदी टोकाला, ती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पोरीचं मनगट धरून मी थोडी पुढे गेले असेन. तेवढ्यात तिचा स्वतःचाच पाय घसरला आणि ती घाबरली. शेजारी एक सपाट, कोरडा, राखाडी खडक होता. बसायला केल्यासारखा. ती तो हातानं झाडत म्हणाली, "अत्ते, पुढे बेडा, नको. खूप स्लिपरी आहे. तू इथंच कूत्को ना, मी झूम करते. कमान मागे मस्त येते."

पोरीला काय माहीत? तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. प्रेमानंच म्हणाली. पण अण्णा, त्या एका शब्दानं माझ्या कानशिलात जाळ झाला. इतक्या लांब, विमानानं, बोटीनं, तुम्ही माझ्याआधी तिथे येऊन बसला होता. मी म्हटलं, "नाही. बसणार नाही. मी तिथे जाणार आणि उभी राहणार. आणि नीट ऐक, फोटोत पाय आले पाहिजेत. दोन्ही."

"पाय?"

"हो, पाय. नाही आले तर पुसून टाक आणि परत काढ."

माझा आवाज चढला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सरी, अत्ते," ती म्हणाली. "बरं. हळू मात्र."

हळूच गेले. एकदा पडले, तळहात सोलवटला. मागून आलेली तरुण मंडळी पुढे गेली, फोटो काढून परत फिरली, तरी मी चालतच होते. परतणारा एक मुलगा म्हणाला, "आंटी, यहीं से देख लो, पानी आ रहा है." मी त्याला आपल्या चामराजपेटेच्या कानडीत असं काही उत्तर दिलं की त्याला कळलं नसलं तरी पोचलं. पाणी खरंच यायला लागलं होतं. डबक्यांमधलं अंतर भरत होतं. परत येताना गुडघाभर पाण्यातून यावं लागणार हे मला दिसत होतं, आणि मी वळले नाही.

कमानीखाली पोचले तेव्हा आधी वर बघितलं. तुमच्या पेंटरचा तो घडवलेला दगड तिथे नाही. वर झाडं उगवली आहेत, त्यांची मुळं लोंबतात. ती कुणी रचलेली नाही, कुणी मापून दोन्ही बाजू सारख्या केलेल्या नाहीत. तिचा एक पाय जाड आणि एक बारीक आहे. पाण्यानं न्यायचं ते नेलं, उरलं ते उभं आहे. मी काठी पोरीकडे दिली. तिला "नको" म्हणायचं होतं, पण तिनं घेतली. मी सलवार पोटरीपर्यंत वर खोचली, म्हणजे डावा पाय आणि त्याच्या सँडलचा जाड तळ, सगळं दिसावं.

त्या तळाबद्दल आता बोलायलाच हवं, कारण तुम्ही मनात म्हणत असाल, ही तेवढं बरं विसरली. विसरले नाही. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी तुम्ही वर्तमानपत्रावर माझी पावलं उभी करायचा, पेन्सिलीनं भोवती रेघ मारायचा, आणि माझ्या डाव्या टाचेखाली तुमची बोटं सरकवून अंतर बघायचा. दोन बोटं, मग अडीच, मग तीन. मग स्वतः मार्केटात जाऊन चांभाराकडून जाड तळाचा बूट करून आणायचा आणि काही न बोलता स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून द्यायचा. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "घालून बघ गं." मी घालून घरभर फिरायची आणि तुम्ही पेपर वाचल्यासारखं करत माझी चाल बघायचा. मला उभं तुम्हीच केलंत अण्णा. मग फोटोतच का बसवत राहिलात? लाज वाटायची की भीती, हे मी कित्येक वर्षं चाचपडत होते. आता ठरवून टाकलंय की काहीही असो, ते तुमचं तुमच्याजवळ. पाय माझा आहे.

फोटो आला. मोठा करून, फ्रेम करून घेतलाय. वर कमान, खाली पाणी, मधे मी, पाठीला बाक, एक खांदा खाली, सोलवटलेला हात, दोन पाय. तुमचा हार घातलेला फोटो हॉलमध्ये आहे. त्याच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर मी हा लावलाय. मुद्दाम. आता बघत बसा. गिऱ्हाइकाला चालो न चालो, तो तिथून हलणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. स्टुडिओच्या जागी हल्ली मोबाइलची कव्हरं विकतात, आणि तिथल्या पोराला तुम्ही कुठले ठाऊक असायला.

एक मात्र सांगते, आणि यावर फुशारून जाऊ नका. तुमच्या नातीनं मोबाइल वर धरला, तेव्हा ती "रेडी?" एवढंच म्हणाली. तिला त्या कामातलं काही कळत नाही. मी ताठ उभी राहिले, श्वास रोखला, आणि कुणी न सांगता हनुवटी स्वल्प खाली घेतली.