आतून ठोकलेलं कपाट

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुपारी सव्वादोन वाजता माझं आयुष्य पालटलं. कायसा हो म्हणाली.

बेकरीच्या मागच्या दारात, पिठाने पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून तिने सांगितलं, की एकोणीस तारखेला, रविवारी, ती आपल्या दोन बॅगा घेऊन माझ्याकडे कायमची राहायला येईल. मी तिथेच तिला उचललं. मालकिणीने आतून ओरडून विचारलं की पावांचं काय करायचं.

ऑगस्टमध्ये कॉलेज अर्धं टाकून मी मिशिगनच्या या वरच्या टोकाला आलो. वसतिगृहात एकाचं नाक फोडलं होतं. ते हाकलणार, त्याआधी मीच निघालो. सॉ मिलमध्ये ओंडके चढवायचं काम मिळालं, नदीकाठी दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळालं, आणि तिसऱ्याच दिवशी मांस-बटाट्याची पेस्टी घ्यायला गेलो तर समोर कायसा. तेव्हापासून मी दिवसाला तीन पेस्ट्या खातो.

तिची अट एकच. इथे घरोघरी बंदुका दारामागे, केरसुणीशेजारी उभ्या असतात. माझ्याही तिथेच आहेत. आजोबांची रायफल, एक शॉटगन, एक लहान बावीस कॅलिबरची बंदूक. कायसाचा भाऊ आर्ने अशाच एका बंदुकीने गेला. पत्त्यांवरून बाचाबाची झाली, मित्राचा हात दारामागे गेला, संपलं.

"कोडी, तुझा राग मी सांभाळीन," ती म्हणाली. "पण त्या रागाच्या हाताला लागेल असं काही घरात नको."

संध्याकाळीच ऑनलाइन कपाट मागवलं. पत्र्याचं, सात बंदुकांचं, सगळ्यात स्वस्त. घरपोच पाठवणं फुकट. चित्रात तरी झकास दिसतंय.

८ नोव्हेंबर, बुधवार

कपाट आलं, आणि कसं आलं! ट्रकवाल्याने खोकं मागच्या फळीवरून सरळ अंगणात ढकललं. एक कोपरा फाटलेला. मी म्हटलं, आधी उघडून बघतो, मग सही. तो म्हणाला, आधी सही, नाहीतर परत नेतो. एकोणीस तारीख डोळ्यांसमोर आली आणि मी सही केली. कागदावर 'माल खराब' असं लिहायचं असतं म्हणे. कुणाला माहीत होतं? तो जाताना हसला, तेव्हा त्याच्या आईपासून सुरुवात करून मी त्याला सगळं ऐकवलं.

उघडलं तर दाराला मुठीएवढ्या सात खुणा, आणि दार दोन बोटं उघडंच राहतंय. सगळ्या बाजूंनी फोटो काढून कंपनीला पाठवले.

११ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीच्या मार्लीनबाईंचं उत्तर आलं. फार गोड भाषेत नकार. वाहतुकीत लागलेला मार नेहमी बाहेरून असतो, पोचा आत जातो. तुमच्या फोटोत पत्रा बाहेर आला आहे. म्हणजे कपाट आतून ठोकलेलं आहे. सबब भरपाई देता येत नाही. खाली एक ओळ: आमच्या नोंदीसाठी कळवावे, आपण यात काय कोंडलं होतं?

मी काय कोंडणार? रिकामं आलंय!

जाऊन पाहिलं. बाई खरं सांगतात. पोचे नाहीत, टेंगळं आहेत.

डोकं असं तापलं की लाकडी ठोकळा लावून घणाने दार सपाट केलं. आता बसतंय बरोबर. तिन्ही बंदुका आत ठेवल्या, काडतुसं वरच्या फळीवर, एका खोक्यात वीस. किल्ली एकच पाठवलीय, ती दोरीने गळ्यात घातली. कायसाला फोटो पाठवला. तिने हृदयाचं चित्र पाठवलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. मिल बंद, गाव अख्खं नारिंगी कोट घालून रानात, पहाटेपासून चहूकडे बार.

सकाळी पेट्रोल पंपावर तोच ट्रकवाला भेटला. चार लोकांत म्हणाला, "काय साहेब, कपाट जगलं का?" सगळे हसले. मी मुठी वळल्या, पण कायसाला आठवून परत फिरलो. पूर्ण वाट दात खात आलो.

घरात आलो तर कुठूनतरी ठक ठक. शेगडीचा पाइप असेल असं वाटलं. पाच-सात मिनिटांनी थांबलं.

दुपारी बातमी आली. ट्रकवाला पंपाशीच पडला. गोळी कानाखालून शिरली आणि जबडा घेऊन गेली. रानातली चुकार गोळी, असं लोक म्हणतायत. दर वर्षी एखादी असतेच.

आपलं उगीच कपाट उघडलं. कुलूप होतं तसं होतं. आजोबांच्या रायफलीची नळी गरम होती. खोक्यात एकोणीस. दारावर एक टेंगूळ, नवं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शेरीफकडची पोलीस, डेप्युटी लॉरा पेल्टो, घरोघर रायफली बघत आली होती. तिने कपाट हलवून पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं, आणि पाठीवर थाप मारली. "सगळ्या गावाने तुझ्यासारखं कुलपात ठेवलं असतं ना बाळा, तर मला एवढी पायपीट नसती." कॉफी घेऊन गेली.

काडतुसं मोजताना मीच चुकलो असेन.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिलचा मुकादम, रॉय नीमेला, मेला. माझ्यासमोर.

डब्याच्या वेळी त्याने सुरू केलं, की कॉलेजकुमार, बायको आणतोयस म्हणे. ट्रॅव्हिसने टाकलेली पेस्टी गरम करून खाणार तर. ट्रॅव्हिस म्हणजे कायसाचा आधीचा. मी फक्त मनात म्हटलं, मर. एकदाच म्हटलं.

दहा मिनिटांनी तो करवतीच्या पट्ट्यापाशी उभा होता आणि त्याच्या कपाळाच्या आत काही उरलं नाही. ओल्या भुशावर सगळं लाल. डोळा एक माझ्या बुटावर— मी तो पायाने—

धावत घरी. कुलूप लावलेलं. किल्ली माझ्या गळ्यात. नळी गरम. अठरा.

माझ्या रागाचंच काम करतंय ते. आधी ठोके, ठोके थांबले की रायफल बाहेर निघते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी घण घेतला. कपाटावर वीस-पंचवीस घाव घातले. एकही पोचा पडला नाही. प्रत्येक घाव आतून उलट आला, त्याच जागी, तेवढ्याच जोराने. हात सोलपटले. शेवटी मीच भिंतीशी बसून रडलो.

रायफल नेऊन पुलावरून नदीत टाकली. परत आलो तर ती कपाटात उभी, दस्त्यातून पाणी ठिबकतंय. काडतुसं दोनदा नेऊन टाकली. दोन्ही वेळा अठराच.

मार्लीनबाईंना लिहिलं, परत न्या, पैसे नकोत. उत्तर लगेच: सही केलेला माल परत घेतला जात नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. कायसाला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. तिने कारण विचारलं. काय सांगू?

ती रडली. मग म्हणाली, ट्रॅव्हिस बरोबर सांगत होता तुझ्याबद्दल.

म्हणजे ती त्याच्याशी बोलते. अजून बोल—

ठक.

नाही. मला राग आलेला नाही. कायसावर माझा राग नाही. बोलू दे ती कुणाशीही.

ठक ठक.

साडेदहा. तिचा निरोप. तोंडावर सांगितल्याशिवाय ऐकणार नाही म्हणते. निघालीय. वीस मिनिटांची वाट. फोन उचलत नाही.

श्वास मोजतोय. तिचं हसू आठवतोय. तिचे पिठाचे हात. आणि मध्येच ट्रॅव्हिस— नाही— दार हादरतंय. पत्रा माझ्या डोळ्यांदेखत फुगतोय.

राग जात नाही. लहानपणापासून गेला नाही. पण वळवता येईल. दुसऱ्या कुणावर नको. कुणीच उरला नाही ज्याच्यावर— एक आहे.

कोडी साल्मेला. नालायक. रॉयच्या दोन मुली आज बापाविना चर्चमध्ये बसल्यात त्या तुझ्यामुळे. एका हसण्यासाठी माणूस मारलास. तिने तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू, हरामखोरा, आज तिलाच—

हो. असा. अजून. खरा राग येतोय. ठोके बदलले. जोरात, माझ्या दिशेने.

खिडकीतून तिची गाडी. पुलापाशी.

ठोके थांबले.

मागच्या दाराने निघतो, रानाकडे, तिच्यापासून लांब. वही हातात. पायरीवर आलो. दार ओढून घेतलं.

आत कपाटाचं कुलूप खाली पडल्याचा आवाज. फरशीवर रायफलीचा दस्ता टेकत टेकत येतोय— पुढच्या दाराकडे नाही. इकडेच. बरं झा—