ढग आला म्हणून

मुलुंड पूर्व,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्षू,

अनेक आशीर्वाद. सांताक्रूझला सगळे मजेत ना? व्हॉट्सॲपवर तू निळी टिक करून गप्प बसतेस, म्हणून कागदच घेतला. अक्षर मोठं झालंय, हसू नकोस.

निहारचा नवा जॉब झकास चाललाय. काल मात्र माझ्या लेकाने मला वेड्यात काढलं. दसऱ्याआधी आपण दोघी मुरबाडच्या पुढे टेकडीवर तारे बघायला गेलो होतो ना? गाईड नाही, काही नाही. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावायचा, चुन्याने आकडे घातलेले दगड शोधत जायचं आणि प्रत्येक दगडापाशी पाटीवर जे लिहिलंय ते वर आकाशात बघायचं. चौथ्या दगडापाशी डोक्यावर पांढुरका पट्टा दिसला. "ढग आला गं, वाट लागली," म्हणत आपण परत फिरलो.

अगं, तो ढग नव्हता! निहार म्हणतो, ती आकाशगंगा होती. तीच तर बघायला गेलो होतो! मुलुंड-सांताक्रूझच्या बायका आपण, आधी कधी दिसलीय म्हणून ओळखणार? मी पोट धरून हसले आणि मग रडले.

उतरताना तू म्हणालीस, "ताई, सारखी ठेचकाळतेस, खाली बघून चाल ना!" मी तुझ्यावर खेकसले, तू रुसलीस. यार, मी खालीच बघत होते. दगड दिसत नव्हते.

काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं बरंच गेलंय. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंब टाकून टिकवायचं, पण किती टिकेल ते त्यांनाही सांगता येत नाही. घरी सांगितलं, तुलाच सांगवत नव्हतं. तू रडत बसशील म्हणून. भीती वाटते गं, खूप वाटते. पण म्हणून घरात बसून राहणं मला जमायचं नाही.

येत्या शनिवारी अमावास्या आहे. हे म्हणतात, पुढच्या वर्षी जाऊ, सगळे मिळून. म्हटलं, पुढच्या वर्षाचं मला सांगू नका.

गाडी ठरवलीय. दुपारी चेकनाक्यावरून निघेन. या वेळी शेवटच्या दगडापर्यंत जायचंय. तू आलीस तर तुझा हात धरून जाईन. नाही आलीस तर काठी आणून ठेवलीय.

जाणार म्हणजे जाणारच,
तुझी ताई