रेणुकाचा डावा डोळा

१२ जून, सकाळी ७
आमच्या कुत्रीनं, चंपीनं, गोठ्यात पाच पिल्लं दिली. नात रेणुका, वय सात, तिथून हलत नाही. सून अनुपमा म्हणे, मामाजी, पिल्लायले जंताचं औषध पाजा. मी सरकारी पशुदवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होतो, जनावरांची मलमपट्टी केली. मले शिकवते. पुढच्या आठवड्यात पाजतो.

२६ जून
औषधासाठी मोताळ्याला निघालो होतो. बाजाराचा दिवस, गर्दी. परत फिरलो. पिल्लं ठणठणीत आहेत. रविवारी नक्की.

१४ जुलै
पिल्लांची पोटं फुगलीत. दूध भरपूर मिळते. रेणुका त्यांच्यासोबत मातीत लोळते, त्याच हातानं पोळी खाते. इम्युनिटी वाढते, असं अनुपमाला समजावलं. तिनं पोरीचे हात धुतले.

३ सप्टेंबर
रेणुका मान वाकडी करून टीव्ही पाहते. टीव्ही बंद केला. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

२० सप्टेंबर
शाळेत डोळे तपासले. डाव्यानं सगळ्यात वरचं अक्षरही दिसलं नाही म्हणे. वर्गात उजेड कमी. गाजर सुरू केलं. पंधरा दिवसांत फरक.

६ ऑक्टोबर, दुपार
शेजारची गोजरबाई म्हणाली, पोरीचा डोळा तिरपा जाऊन राह्यला. नकला करते, म्हटलं. तरी टेस्ट घेतली. अंगणात उभी केली, उजवा डोळा झाकला, विचारलं, किती बोटं? म्हणाली, आबा, पहिले लाईट तं लावा.
डोक्यावर ऊन होतं.
उपाशी असेल.

९ ऑक्टोबर
बुलडाण्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, घरी कुत्र्याची पिल्लं आहेत का? त्यांच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत, मातीतून हातावर, तोंडात. एक अळी डोळ्यापर्यंत गेली. आतल्या पडद्यावर व्रण आहे. सूज कमी करू म्हणाल्या, गेलेली नजर येणार नाही.
पिल्लांना औषध दिलं होतं?
द्यायचं होतं, म्हणालो. अनुपमा कागदांची घडी करत राहिली.
बसमध्ये रेणुकानं विचारलं, आबा, या डोळ्यानं कधी दिसन?
दिवाळीपर्यंत, म्हणालो. मला तसं वाटतही होतं.
अनुपमानं तिला उचलून पलीकडच्या सीटवर घेतलं. हळूच म्हणाली, मामाजी, आता तुम्ही तिले काही सांगू नका.
हाव म्हणालो.