छत्रीआडचे आबा

प्रिय रविराज,

पाऊस, पाऊस आणि पाऊस. तुझं काही चुकलं की दरवेळी पाऊसच कसा आडवा येतो रं? अपूर्वाच्या लग्नाचे तू काढलेले फोटो बघून मी विचारलं, आबा नीट कुठंच का दिसत नाहीत, तर म्हणे लेन्सवर वाफ धरली. पुन्हा विचारलं तर म्हणे कॅमेरा भिजला. मग नवऱ्याकडच्या माणसांचे फोटो लख्ख कसे आले? पावसात नाचताना त्यांच्या मिशांवरचे थेंबसुद्धा दिसतात. फोनवर विचारलं की तू विषय बदलतोस, म्हणून कागद घेऊन बसलोय. इथं तुला मधे बोलता येत नाही.

सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी नव्हतो. नवरदेवाचा कान पिळायचा माझा मान आत्याच्या पोरानं घेतला. लग्नसराई म्हणून शेठनं सुट्टी दिली नाही. इथं कोइमतूरला आमचं गलाईचं काम, लोकांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. माल हातात आला की आधी संशय घ्यायचा, मग कसोटीवर घासायचा. तुझे फोटो पण मी तसेच घासून बघितले. राग मानू नको.

आधी वाटलं, आबा माझ्यावरच रुसलेत. फोनवर पण नुसतं 'हं' म्हणतात आणि आईकडं देतात. मग वाटलं, तूच कामचुकारपणा केलास. पलूसला एवढी मंगल कार्यालयं असताना उजेड चांगला मिळतो म्हणून आमच्या रानात मांडव घालायला तूच भरीला घातलंस. डिसेंबरात असा पाऊस कोसळेल हे कुणाला ठाऊक, तेवढं मान्य. पण द्राक्षबागेवरचा प्लास्टिकचा कागद काढून मांडवावर ताणलेला, त्याखाली सगळ्यांची तोंडं निळी, दुष्काळी माणचे नवऱ्याकडचे पाहुणे पाऊस बघून खूश आणि आपली बागवाली मंडळी मढ्याला आल्यासारखी बसलेली, हे सगळं तू झकास टिपलंयस गड्या. मला एकट्याला हसू आलं. आणि तिथंच संशय वाढला. ज्यानं एवढं टिपलं, त्याला नवरीचा बाप तेवढा कसा सापडला नाही? आबांच्या तोंडावर दरवेळी नाथाजीकाकांची छत्री कशी?

परवा कन्यादानाचा फोटो बोटांनी मोठा केला. आई पाण्याची धार सोडतीय, आबांनी उजवा हात पुढं केलाय, अर्ध्या तोंडावर छत्री. खताच्या दुकानातली, जाहिरातीची. तू अशी अक्षरं एका नजरेत वाचून पुढं जात असशील. माझी शाळा सातवीत सुटली, मला एकेक अक्षर लावावं लागतं, आणि एक लागेल तर शपथ. सगळी उलटी, आरशात दिसतात तशी. मग आईचा पदर बघितला, तर तो उजव्या खांद्यावर. रविराज, तू फोटो उलटा केलास. म्हणजे पुढं केलेला हात डावा. लेकीच्या कन्यादानाला आबा डावा हात पुढं करतील? आणि दुसरा हात अंगालगत नुसता लोंबतोय.

मग मी अपूर्वाला तिच्या सासरी फोन लावला आणि खोटंच म्हणालो, रविराजनं मला सगळं सांगितलंय. ती रडायलाच लागली. दिवाळीच्या पाडव्याला आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. आणि त्याच जड जिभेनं त्यांनी तुम्हा सगळ्यांना शपथ घातली, "शिवतेजला सांगू नगा. त्यो ह्ये बी काम सोडून पळत ईल."

इचलकरंजीचे माग मी सोडले, पुण्याचं हॉटेल सोडलं, साताऱ्याचं गॅरेज सोडलं. तेव्हा आबांचं काय चुकलं? मी तुम्हा सगळ्यांचा संशय घेत होतो, आणि ते माझा घेत होते.

भांडायला हे लिहिलेलं नाही. तू छत्री आडवी धरायला लावलीस ती आबांनीच सांगितलं म्हणून, हेही अपूर्वा बोलली. आता माझं ऐक. आबा मालिशवाल्याकडं जातात म्हणे. त्यांना गाडीत घालून मिरजेला चांगल्या डॉक्टरकडं ने. ऐकणार नाहीत, तू ऐकव. मग दारात उजेडाला बसवून एक फोटो काढ. छत्री नको, तोंड जसं आहे तसं येऊ दे, आणि उलटा करू नको. त्यांना सांग, शिवतेजला कळलंय. कळूनही तो कामावर आहे, हे पण सांग. शेठनं शिमग्याला सुट्टी कबूल केलीय, तिकीटही तोच काढणार. मी सांगून येणार आणि सांगून परत जाणार. कुठंही कामाला लागलो की पळून जायची वेळ आली तर असावेत म्हणून मी थोडे पैसे पत्र्याच्या पेटीत बाजूला ठेवतो, हे तुला एकट्याला माहीत आहे. पेटी आज रिकामी केली. तुझ्या खात्यावर पाठवतोय, सगळे मिळून एकोणीस हजार चारशे रुपये.

तुझाच,
शिवतेज