बेबीची डायरी, ताईच्या दुरुस्त्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईची तब्येत बरी, म्हणजे आहे तशीच. कपाट स्वतःच उपसते आणि कुणी विसकटलं म्हणून मलाच विचारते.

एक काम आहे. मी डायरी लिहिते म्हणून तू पूर्वी हसली होतीस. परवा ती वाचायला घेतली आणि मलाच लाज वाटली. पानोपान एकच रड : आजही तोच दिवस, कंटाळा, नशीब. लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करताना मेणात केस अडकला तरी मला दिसतो, आणि वहीत हा एवढा कचरा दिसू नये! तू छापखान्यात जन्मभर लोकांचं लिखाण सुधारलंस, आता माझंही सुधार. दोन पानं सोबत पाठवते आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
बेबी


१३ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पानं वाचली. शेहेचाळीस वर्षांची झालीस तरी तुझ्या वेलांट्या सुधारत नाहीत. पण खरं दुखणं शुद्धलेखनाचं नाही. तू काय वाटलं तेवढंच लिहितेस, काय झालं ते लिहीतच नाहीस. 'कंटाळा' हा शब्द महिनाभर बंद. कोण आलं, काय म्हणालं, हातात काय होतं, ते लिही. विशेषणं म्हणजे दुधातलं पाणी, माप वाढतं आणि कस जातो.

तुझे भावजी म्हणतात, बेबी लेखिका होणार, आता जपून राहायला हवं! आमच्याकडे जागा अपुरी म्हणून आईला आणता येत नाही, याची रुखरुख आहेच.

मायेत अंतर नाही, हे विसरू नकोस.
ताई


२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. आधी पेन हलेना, मग जमू लागलं. सोमवारी आईने ताट सरकवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून मलाच म्हणाली की ही बाई स्वभावाने चांगली आहे, पण हिला पगार कोण देतं? पूर्वी मी 'वाईट दिवस' एवढंच लिहून मोकळी झाले असते.

तुझे रविवारचे फोनही लिहिले. आईच्या गोळ्या, आईची झोप, आईचे कपडे हे सगळं तू विचारतेस. मी कशी आहे, हे एकदाही नाही. वाटलं, राहून गेलं असेल, म्हणून पुढचे रविवारही लिहून पाहिले. तुझ्या फोनने बरं वाटतं असं मी समजत होते. आता वाचते तर बरं वाटावं असं त्यात काही सापडत नाही.

तुझ्या लेकीने तुमच्या नव्या घराचे फोटो पाठवले. मागच्या खोलीत भावजींची व्यायामाची सायकल एकटीच उभी आहे, हेही लिहिलं. विशेषण लावलं नाही.

आमचे मालक दुसऱ्या शहरात कवळ्यांची नवी लॅब काढताहेत आणि ती मला सांभाळायला देताहेत. अशी संधी मला कधी मिळाली नव्हती. आईला तुझ्याकडे ठेवशील?

लोभ असेल तर उत्तर लवकर दे.
बेबी


९ मे

चि. बेबीस,
अ. उ. आ.

मी डायरी सुधारायला सांगितली होती, माझ्यावर आरोपपत्र लिहायला नाही. नुसत्या घटना मांडत बसलं की माणूस कोरडा होतो. मनातलं लिही, चांगलं लिही. दिवसभरात आभार मानावेत असं काय घडलं ते आठव. जाणकारही हेच सांगतात.

सायकल डॉक्टरांनी सांगितली आहे, हौस म्हणून घेतलेली नाही. आणि जागा बदललेली आईला सोसणार नाही. तुझ्यावाचून तिचं पान हलत नाही, हे भाग्य काय थोडं आहे? या वयात कसली लॅब नि कसलं काय! आपल्या घरात सोशीक तूच.

रागावले तरी माया आहेच.
ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न.

मनातलं लिहायला बसले. मनात एवढंच निघालं की मला जायचं आहे. मालकांना होकार दिला. शनिवारी दुपारी आईला घेऊन येते. तिला पाणी कोमट लागतं. सायकल हलवून ठेवावी.

लोभ असो नसो, दार उघडं असावं.
बेबी


२ जून

चि. बेबीस,
अ. आ.

पाण्याचा घोटही न घेता आईला उंबऱ्यावर सोडून गेलीस, शेजाऱ्यांनी पाहिलं. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. कामावरून मी रजा घेतली आहे, किती दिवस ते माहीत नाही. आई मला बाई म्हणते. तुझं नाव एकदाही काढलेलं नाही. तू विचारशील म्हणून आधीच कळवते.

लोभाचं आता काय लिहू?
ताई


१४ जून

ती. ताईस,
सा. न.

पत्र पोचलं. इथली यंत्रं लागली, काम सुरू झालं. हाताखाली दोन मुली आहेत, चटपटीत आहेत.

डायरी मात्र इथे आल्यापासून लिहिलेली नाही. लिहायची तर तू शिकवलंस तशीच लिहावी लागेल. काय झालं, हातात काय होतं. तुझ्या दारात आईने माझी बोटं घट्ट धरली होती. मी तिचं एकेक बोट सोडवलं.

माझ्यासाठी काही लोभ उरला असेल, तर तो तिला दे.
बेबी