बायकांचं ऑपरेशन

१६ जानेवारी
मूळव्याध नाहीच! वर्षभर त्याचंच मलम लावत बसले — स्वतःच ठरवून, दुकानदाराकडे न बघता पैसे देऊन. आज शेवटी इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. फिशर. गुदद्वाराशी चीर. 'जुनी झालीय. आतला स्नायू आवळलेला राहतो, म्हणून भरत नाही.' नवं मलम — स्नायू सैल करणारं — दिवसातून दोनदा, सहा आठवडे. इसबगोल. शौचानंतर कोमट पाण्यात बसायचं.
'घरी कोण कोण असतं?'
'मीच.'
त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

२१ जानेवारी
टबात दहा मिनिटं. दार उघडंच ठेवते. कोण येणार आहे?

३ फेब्रुवारी
सकाळी काच चिरत गेल्यासारखं. चारही तास उभ्यानं शिकवले. स्टाफरूममध्ये दीपमाला म्हणाली, 'मोहिनी, बस की! शिक्षा झालीय का तुला?' सगळ्या हसल्या. मीही. तिच्या घटस्फोटाचं ऐकलंय मी, गर्भाशयाचं ऐकलंय. हे मात्र माझ्या तोंडातून निघत नाही.

१ मार्च
सहा आठवडे झाले. थोडं कमी, पण रक्त आहेच. आता दोन रस्ते. बोटॉक्सचं इंजेक्शन — स्नायू काही महिने ढिला राहतो, पण दुखणं परत येऊ शकतं. नाहीतर छोटं ऑपरेशन, स्नायूचा थोडा भाग कापायचा. बहुतेकांना कायमचा आराम. क्वचित कुणाचा वायूवरचा ताबा कमी होतो. भर वर्गात तसं झालं तर? — तरीही ऑपरेशनच म्हटलं.
'संध्याकाळी घरी जाल. पण बरोबर कुणीतरी हवं हं.'
कापण्याची भीती नव्हती वाटली. ह्या वाक्याची वाटली.

४ मार्च
गावी देवळ्याला धाकट्या भावाला, धनराजला फोन. तीन वर्षांनी, तोही मीच. त्याची कांदाकाढणी चालू आहे.
'कसानं ऑपरेशन, ताई?'
'बायकांचं.'
एवढं म्हटलं की पुरुष गप्प होतात.
'सरिताले धाडस.'
त्याची बायको. तिला पाठवतो म्हणाला. तिच्याशी मी आजवर धड दहा वाक्यं बोललेली नाही. तिच्या अहिराणी बोलण्याला लग्नातच नाक मुरडलं होतं मी.

१३ मार्च
काल झालं. जाग आली तर सरिता उशाशी. नर्सनं तिला सगळं सांगून टाकलेलं — कसलं ऑपरेशन, काय जपायचं. घरी तिनंच पाणी कोमट केलं, मनगट बुडवून पाहिलं, पाठीला हात देऊन बसवलं. मी लाजेनं डोळे मिटून घेतले.

१६ मार्च
ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा शौचाला गेले. दुखलं, पण ते दुखणं नाही! बाहेर येऊन सरिताला सांगितलं आणि रडूच आलं. ती पदरानं माझं तोंड पुसत राहिली.

१७ मार्च
सकाळी पिशवी भरता भरता सरिता खाली बघून म्हणाली, 'ताई, ती डॉक्टरीण माले बी देखी का? माले बी हाईच शे. आठ वरीस व्हयनात. कोणले सांगू?'
तिलाही हेच, आठ वर्षं! पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. दवाखान्यात फोन लावला.